धाव चढवलेली तोफ

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळात 1803 चा भोसले घराण्याचा शिलालेख शोधतो, सरस्वती महालातली मोडीची बाडे पाहतो आणि परततो. पहिल्या खेपेला मीही तेच केले. दुसऱ्या खेपेला जुन्या कोटाच्या पूर्व अंगाला, पीरंगी मेडूवर चढलो. ‘मेडू’ म्हणजे उंचवटा, ‘पीरंगी’ म्हणजे तोफ. शब्द फिरंग्यांवरूनच आलेला. आपल्याकडे त्याची सरळ पात्याची तलवार झाली, तमिळमध्ये तोफ.

तिथे राजगोपाल तोफ विसावली आहे. लांबी साडेसात मीटरच्या आसपास, वजन सुमारे 22 टन, सतराव्या शतकातल्या नायक राजवटीतली, म्हणजे व्यंकोजीराजे येण्याच्या आधीची. ती ओतीव नाही, लोहारांनी ठोकून घडवलेली आहे, हे कळल्यावर मी तिच्याभोवती पुन्हा एक फेरी मारली. दिल्लीच्या लोहस्तंभाचे अभ्यासक, कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी हिचीही रचना उलगडून दाखवली. आत लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपासारख्या उभ्या जुळवलेल्या, आणि त्यांच्यावर एकाला एक भिडवलेली लोखंडी कडी.

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही विद्या ओळखीची वाटेल. धाव लाल होईपर्यंत तापवायची, म्हणजे ती फुगते. तशीच चाकावर बसवून वर पाणी ओतायचे. निवताना ती आकसते आणि पुठ्ठे, आरे, तुंबा यांना असे आवळते की चाक एकजीव होते. तोफेवरचे तापलेले कडेही निवताना तसेच आतल्या नळीला करकचून धरते.

आता आत बार उडतो. दारू जळून वायू होतो, त्याला जागा हवी असते आणि ती मिळत नाही. दाब हवेच्या दाबाच्या शेकडो पट चढतो. बंद नळीत हा दाब नळीला लांबीच्या दिशेने जेवढा ताणतो, त्याच्या दुपटीने घेराच्या दिशेने ताणतो. म्हणून नळी फुटते तेव्हा बहुधा उभी चिरते. लोहाराने कडी घातली ती नेमकी या दुप्पट ताणाच्या वाटेवर! शिवाय कड्याने नळी आधीच दाबून ठेवलेली असते. वायूला अगोदर तो दाब उतरवावा लागतो, त्यानंतर कुठे नळीचे लोखंड ताणले जाऊ लागते. हे गणित कागदावर मांडले जाण्याच्या कितीतरी आधी भात्यासमोर बसलेल्या माणसाच्या हाताला ते कळले होते. या कसबापुढे मला हात जोडावेसे वाटतात.

तोफेत स्फोट कोंडायचा असतो. मोकळ्यावर झाला तर? दाबलेल्या हवेची एक भिंतच बाहेर धावते. नेहमीपेक्षा नुसता सात टक्के जादा दाब आला, तरी दोन चौरस मीटरच्या दारावर जवळजवळ दीड टनाचा रेटा बसतो. लाट भिंतीवर आपटून उलटली की दाब दुपटीहून वर जातो. पाठोपाठ हवा उलटी ओढली जाते, म्हणून काचा कधी बाहेरच्या बाजूलाही पडतात.

मात्र लाट टिकते फार थोडा वेळ, कित्येकदा सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. जड भिंत जागची हलायला लागते न लागते तोच रेटा ओसरलेला असतो. वाऱ्याशी झुंजणारी इमारत आणि स्फोटाशी झुंजणारी इमारत यांचे हिशेब इथे वेगळे होतात. दाब किती, याइतकेच तो किती क्षण टिकला हेही मोजावे लागते. आपल्याकडे 1968 पासून त्यासाठी वेगळे भारतीय मानक आहे. वजन इथे उपयोगी पडते, आणि न तुटता वाकण्याची ताकदही. बांधकामावर खांबाच्या सळ्यांना थोड्या थोड्या अंतरावर ‘रिंगा’ बांधतात ना, त्या फुटू पाहणाऱ्या काँक्रीटला आवळून धरतात. त्या मला पीरंगी मेडूवरच्या कड्यांच्या सख्ख्या बहिणी वाटतात.

अंतर तर याहून दयाळू. अंतर दुप्पट केले, तर तोच दाब यायला आठपट दारू लागते. फटाक्यांच्या कारखान्यातल्या खोल्या एकमेकींपासून लांब आणि लहान ठेवायच्या, एका जागी माल थोडाच असू द्यायचा, हा नियम यातूनच आला.

कावेरीच्या या मुलखात देवळांच्या उत्सवांना आतषबाजी हवीच असते, आणि ती करणारे हात खेड्यांतलेच. तरंगमबाडीजवळचे तिल्लैयाडी म्हणजे आफ्रिकेतल्या सत्याग्रहातल्या वल्लिअम्मेच्या नावापुढे लागणारे गाव. तिथल्या फटाका कारखान्यात ऑक्टोबर 2023 मध्ये स्फोट झाला आणि चार माणसे गेली. अशा खोलीत कोंडणे हेच घातक, म्हणून इथे तोफेच्या उलट चालायचे. छप्पर हलके, चटकन उडून जाणारे, म्हणजे दाब वर निघून जातो. दारे बाहेर उघडणारी, मधे काही न अडवणारी. कोठारांच्या मधे मातीचा जाड बांध. तो लाटेला पुरता अडवत नाही, ती त्याच्या डोक्यावरून वळून पुढे जाते. पण सुसाट सुटलेले दगड, पत्रे, लोखंडाचे तुकडे मातीत रुततात, आणि शेजारचे कोठार पेटायचे वाचते.

खाली उतरलो तेव्हा सडकेपलीकडे भाताच्या खाचरांचे बांध दिसत होते. एक शेतकरी फावड्याने ओली माती चढवून वर पायाने दाबत होता.