भरतीपूर्व वैद्यकीय तपासणी आणि तरुणांची गुह्यांगविषयक चिंता

सैन्यभरती वा पोलीसभरतीचा हंगाम आला की ग्रामीण भागातील चिकित्सालयांत एका विशिष्ट प्रकारचा रुग्ण येऊ लागतो. वय अठरा ते तेवीस, शरीर व्यायामाने कमावलेले, धावण्याचा सराव उत्तम. परंतु इतर रुग्ण निघून जाईपर्यंत तो बाहेरच्या बाकावरच बसून राहतो. आत आल्यावर ‘अशक्तपणा वाटतो, ताकदीचे काहीतरी द्या’ एवढेच सांगतो. धीर दिल्यावर खरी गोष्ट बाहेर येते. वैद्यकीय तपासणीत सर्व वस्त्रे उतरवावी लागतात हे त्याने मित्रांकडून ऐकलेले असते आणि आपल्या अवयवात काही न्यून आहे, त्यावरून आपण हसे होऊ किंवा बाद ठरू, ही भीती त्याला झोपू देत नाही.

या विषयावर लिहिण्यास माझीच एक चूक कारणीभूत आहे. काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण माझ्याकडे आला. त्याच्या संकोचात माझाही संकोच मिसळला. तपासणी न करताच मी अश्वगंधा चूर्ण देऊन त्याची समजूत घातली. भरतीच्या तपासणीत त्याचे उजवे वृषण वृषणकोषात नसल्याचे आढळले. ते वंक्षणातच राहिले होते. पुढे शल्यतज्ज्ञांनी ते काढून टाकले आणि सुदैवाने त्यात अर्बुद निघाले नाही. न उतरलेल्या वृषणात अर्बुदाची शक्यता वाढते हे मी महाविद्यालयात शिकलो होतो. ‘एक बाजू रिकामी वाटते, असे तुम्हाला सांगायचे होते, पण तुम्ही पाहिलेच नाही,’ हे त्याचे वाक्य मी विसरू शकलो नाही.

म्हणून पहिला नियम असा की, दर्शन व स्पर्शन टाळून कोणालाही धीर देऊ नये. पडदा असावा, रुग्णाची अनुमती घ्यावी, काय व कशासाठी पाहणार ते आधी सांगावे. तपासणीच्या वेळी भीतीने वा थंडीने अवयव आक्रसतो, क्वचित स्पर्शाने उत्थानही होते. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत, हे आपणहून सांगितल्यास रुग्णाची निम्मी चिंता दूर होते.

प्रथम प्राकृत काय ते पाहू. डावे वृषण उजव्यापेक्षा थोडे खाली असणे प्राकृत आहे. शिश्नमण्याच्या कडेने ओळीत दिसणारे मोत्यासारखे बारीक उंचवटे, तसेच त्वचेवरील पिवळसर सूक्ष्म कण हे रोग नव्हेत. आकाराविषयी बोलायचे तर २०१५ साली पंधरा हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात शिथिल अवस्थेतील सरासरी लांबी ९.१६ सें.मी. व उत्थित अवस्थेतील १३.१२ सें.मी. आढळली. प्रौढात ताणून मोजलेली लांबी सुमारे साडेसात सें.मी.हून कमी असेल तरच विकृतीचा विचार करावा लागतो. चिंता घेऊन येणाऱ्या बहुतेकांचे माप प्राकृत मर्यादेतच असते. भरतीत उंची व छाती मोजतात, हा अवयव नव्हे. तेथे पाहतात तो केवळ रोग.

तो रोग मात्र आपण आधी शोधला पाहिजे. रुग्णाला उभे करून खोकण्यास सांगावे. डाव्या बाजूस गांडुळांच्या जुडग्यासारखा स्पर्श लागल्यास व्हेरिकोसील समजावे. सुमारे पंधरा टक्के प्रौढ पुरुषांत ते आढळते. केवळ उजव्या बाजूस असेल किंवा आडवे झाल्यावर ओसरत नसेल तर उदराची सोनोग्राफी करवून घ्यावी. अंधाऱ्या खोलीत बॅटरी लावली असता सूज प्रकाशमान झाली तर ती बहुधा मूत्रज वृद्धी, म्हणजेच हायड्रोसील होय. खोकताना वंक्षणातून उतरणारी सूज ही अंत्रज वृद्धी. निरुद्धप्रकश असल्यास मण्यावरील त्वचा मागे सरत नाही. यांपैकी बरेच विकार शल्यकर्माने दूर होतात. पुष्कळदा उमेदवाराला तात्पुरते अपात्र ठरवून शस्त्रक्रियेनंतर फेरतपासणीची संधी मिळते. म्हणून अशा तरुणाला भरतीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर काही महिने आधीच शल्यतज्ज्ञांकडे पाठविणे हिताचे आहे.

दोन प्रसंगी क्षणाचाही विलंब नको. वृषणात अकस्मात तीव्र वेदना झाल्यास पीळ पडल्याची शंका घ्यावी. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच वृषण वाचण्याची आशा चांगली असते. वेदनारहित कठीण गाठ आढळल्यास लेप न लावता त्वरित तज्ज्ञांकडे पाठवावे, कारण वृषणाचा कर्करोग तरुण वयातच अधिक आढळतो आणि वेळीच निदान झाल्यास बहुधा पूर्ण बरा होतो.

‘धातू जाते’ ही तक्रारही याच रुग्णांची. डॉ. वीग यांनी १९६० साली तिला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. मूत्र गढूळ असल्यास त्यात शिरक्याचे थेंब टाकून पाहावे. ते स्वच्छ झाले तर तो फॉस्फेटचा क्षार होता, शुक्र नव्हे, हे रुग्णाला प्रत्यक्ष दाखविता येते. स्वप्नावस्थेतील स्राव या वयात स्वाभाविक आहे. चरकाचार्यांनी रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला अग्रस्थान दिले आहे, ते येथे ध्यानी घ्यावे. मात्र समजावूनही आरशातून व मोजपट्टीतून मन सुटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांचे साह्य घ्यावे.

आता औषधविक्रेत्या बंधूंसाठी. आकारवृद्धीचा मोह नवा नाही आणि त्याचे दुष्परिणामही नवे नाहीत. लिंगवृद्धीसाठी शूकादींचे लेप लावणाऱ्यांना होणारे अठरा विकार सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात स्वतंत्र अध्याय करून वर्णिले आहेत. त्यांत त्वक्पाक आहे, स्पर्शहानी आहे, मांसपाकही आहे. आपल्याच संहितेने दिलेला हा इशारा असताना आपल्याच दुकानातून आयुर्वेदाच्या नावावर तसली तेले विकली जावीत, यासारखे दुर्दैव नाही. अशा काही ‘वनौषधी’ कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिलची भेसळ आढळलेली आहे. हृदयरोगासाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या पोटात ती गेल्यास रक्तदाब घातक पातळीपर्यंत उतरू शकतो. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने कामशक्तिवर्धनाच्या जाहिरातींना मनाई केली आहे. १९४५ च्या औषध नियमांच्या परिशिष्ट ‘जे’मध्येही या अवयवाच्या आकारवृद्धीचा समावेश असून तसा दावा करता येत नाही. वाजीकरण हे अष्टांगांपैकी एक गंभीर अंग आहे. आकारवृद्धी हे त्याचे प्रयोजन नाही.

गल्ल्यावर तरुण मुलगा हळू आवाजात तेल मागू लागला तर त्याला बाटली देऊ नये. ‘आधी वैद्यांना दाखवून ये, मग पाहू,’ एवढेच म्हणावे. एक गिऱ्हाईक गेले तरी चालेल. आणि तो आपल्याकडे आला की आपण दार लावून, पडदा ओढून, त्याला नीट तपासावे. त्याने ओठांवर आणलेले वाक्य आपल्या संकोचामुळे परत जाऊ नये, एवढीच वैद्यबंधूंना विनंती.