टू-स्टेप, कंट्री
टू-स्टेप, कंट्री : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, विशेषतः टेक्सस राज्यातील, एक लोकप्रिय युग्मनृत्य. ‘टेक्सस टू-स्टेप’ या नावानेही ते ओळखले जाते. ‘कंट्री’ या ग्रामीण वळणाच्या अमेरिकन संगीतावर ते करतात. जोडीतील दोघे परस्परांसमोर उभे राहून आरंभ करतात; नेतृत्व करणारा, परंपरेने पुरुष, पुढे चालतो व त्याची सहचरी मागे पावले टाकते. सर्व जोड्या दालनाच्या कडेने घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरत राहतात. नावात दोनच पावलांचा उल्लेख असला, तरी आज रूढ असलेल्या मूळ आवर्तनात चार पावले असतात : दोन जलद व दोन संथ. ही पावले संगीताच्या मात्रांशी कशी जुळवावयाची, याविषयी स्थलपरत्वे व शिक्षकपरत्वे भिन्न प्रथा आहेत.

पूर्वपीठिका : ‘टू-स्टेप’ हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. जॉन फिलिप सूझा या संगीतकाराच्या ‘द वॉशिंग्टन पोस्ट’ (१८८९) या संचलनगीतावर हे जुने नृत्य विशेष लोकप्रिय झाले होते. त्यात एक पाऊल टाकणे, दुसरे त्याला जोडणे व पुन्हा पहिले टाकणे, असा तीन पावलांचा क्रम असे. १९१४ च्या सुमारास ‘फॉक्सट्रॉट’ हे नृत्य पुढे आले. संथ चालीची व जलद पावले एकाच नृत्यात मिसळणे, हे त्याचे वैशिष्ट्य. नृत्यशिक्षक आर्थर मरी यांच्या शाळांतून शिकविण्यात येणाऱ्या फॉक्सट्रॉटच्या एका मूळ पदन्यासात दोन संथ व दोन जलद पावले असत. कालविभागणीच्या दृष्टीने आजचे कंट्री टू-स्टेप आपल्याच नावाच्या जुन्या नृत्यापेक्षा फॉक्सट्रॉटला अधिक जवळचे आहे.

१९३० नंतरच्या दशकात मिल्टन ब्राउन, बॉब विल्स इ. वादकांनी फिडल व गिटार यांच्या ग्रामीण संगीतास जॅझची जोड देऊन ‘वेस्टर्न स्विंग’ ही नृत्यानुकूल शैली लोकप्रिय केली. टेक्ससमधील ग्रून हॉल (१८७८), ऑस्टिन येथील ब्रोकन स्पोक (१९६४) यांसारखी नृत्यगृहे अशा नृत्यांची केंद्रे ठरली. ह्यूस्टनजवळच्या पॅसाडीना येथील नृत्यगृहाची पार्श्वभूमी असलेल्या ‘अर्बन काउबॉय’ (१९८०) या चित्रपटाने कंट्री नृत्यांची आवड शहरांतून पसरविली. पाहून शिकण्याच्या जोडीला वर्ग व स्पर्धा आल्या आणि पावलांची मोजणी नेमक्या शब्दांत सांगण्याची गरज भासू लागली.

मूळ कालविभागणी : या नृत्याचे संगीत चार मात्रांच्या खंडांत बांधलेले असते. जलद पावलास एक मात्रा व संथ पावलास दोन मात्रा, या हिशेबाने ‘जलद, जलद, संथ, संथ’ हे आवर्तन सहा मात्रांचे होते. संगीत चारांत व पावले सहांत मोजली जात असल्याने दोहोंचे आरंभबिंदू प्रत्येक वेळी जुळत नाहीत. पहिले आवर्तन खंडाच्या पहिल्या मात्रेवर सुरू झाल्यास दुसरे पुढील खंडाच्या तिसऱ्या मात्रेवर सुरू होते आणि बारा मात्रांनंतर, म्हणजे तीन खंड पुरे झाल्यावर, दोन्ही पुन्हा एकत्र येतात. आठ मात्रांच्या संगीतवाक्याशी मेळ बसण्यास चोवीस मात्रा लागतात. भारतीय तालाशी परिचित असलेल्या वाचकास हे समेवर परत येण्यासारखे वाटेल. मात्र दादऱ्याच्या सहा मात्रा ३+३ अशा विभागलेल्या असतात, तर येथील विभागणी १+१+२+२ अशी आहे.

ही गणना कागदावर विसंगत वाटली, तरी नाचताना विसंगती जाणवत नाही. कंट्री संगीताच्या साथीत मंद्र स्वरांचे वाद्य बहुधा पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर वाजते आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर गिटारचा किंवा तालवाद्याचा तुटक आघात असतो. आवर्तन पहिल्या किंवा तिसऱ्या मात्रेवर सुरू केले, तर प्रत्येक संथ पाऊल मंद्र स्वरावरच पडते. दुसऱ्या किंवा चौथ्या मात्रेवर आरंभ झाल्यास मात्र सर्व संथ पावले तुटक आघातावर येतात. नर्तकास आपण संगीताच्या विरुद्ध चाललो आहोत असे वाटू लागते. नवशिक्याची खरी अडचण पुष्कळदा हीच असते. आकडे मोजण्यापेक्षा मंद्र स्वर ऐकण्यास शिकणे, हा तिच्यावरचा उपाय होय.

प्रमुख भेद : (१) आरंभाचा भेद. काही ठिकाणी ‘जलद, जलद, संथ, संथ’ असे शिकवितात, तर काही ठिकाणी ‘संथ, संथ, जलद, जलद’ असे. स्पर्धांतून पहिली रीत प्रचलित आहे. या दोहोंपैकी खरी कोणती, यावर वाद होतात. परंतु पुरुष दोन्ही रीतींत डाव्या पायाने आरंभ करीत असल्याने पहिले जलद पाऊल दोन्हींत डाव्याच पायाचे असते. एकदा गती आली, की दोन्ही प्रवाह एकरूप होतात. भेद उरतो तो आरंभी कोणत्या बिंदूवर चक्रात शिरावे एवढाच. म्हणून भिन्न रीतींनी शिकलेले दोघे, पहिल्या काही पावलांचा गोंधळ ओसरल्यावर, एकमेकांसह विनासायास नाचू शकतात.

(२) तीन पावलांचा प्रकार. जुन्या टू-स्टेपची ‘जलद, जलद, संथ’ ही चार मात्रांची रचना इतर काही सामाजिक नृत्यांत टिकून आहे. ती संगीताच्या खंडाशी तंतोतंत जुळते. मात्र पावलांची संख्या विषम असल्याने एका आवर्तनाचा आरंभ डाव्या पायाने, तर पुढच्याचा उजव्या पायाने होतो. चार पावलांच्या प्रकारात प्रत्येक आवर्तन त्याच पायाने सुरू होते. पहिला भेद वरवरचा, तर हा मूलभूत आहे. येथे जोडीदारांनी भिन्न रीती धरल्यास त्यांचे पाय जुळणे अशक्य होते.

(३) त्रिपद प्रकार. संथ लयीच्या गीतांवर दोन जलद पावलांच्या जागी, दोन-दोन मात्रांत तीन लहान पावले बसविलेले दोन गट येतात व त्यांनंतर चालीची दोन पावले घेतली जातात. अशा वेळी ही शेवटची दोन पावले एकेका मात्रेची असल्याने आवर्तन सहा मात्रांचेच राहते.

‘नाइटक्लब टू-स्टेप’ हे मात्र नामसादृश्य असलेले स्वतंत्र नृत्य होय. कॅलिफोर्नियातील बडी श्विमर यांच्या नावाशी ते निगडित असून संथ भावगीतांवर, फारसे पुढे न सरकता केले जाते.

लय व शैली : मिनिटास १८० मात्रांची लय असल्यास मूळ आवर्तन दोन सेकंदांत पुरे होते, १२० मात्रांच्या लयीत त्यास तीन सेकंद लागतात. द्रुत लयीत पावले आखूड व जमिनीलगत ठेवावी लागतात. लय मंद असता संथ पावलाची दुसरी मात्रा रिकामी वाटते; ती भरून काढण्याचे काम शैलीचे. कोणी मोकळा पाय सावकाश पुढे सरकवतो, कोणी तो दुसऱ्या पायाजवळ केवळ टेकवतो. हाताखालून गिरकी देण्याच्या रचनांचा आरंभ बहुधा जलद पावलांवर होतो. जोडीदारास त्यांचा इशारा त्याआधीच्या संथ पावलावर देणे सोयीचे असते. दालनात वेगाने जाणाऱ्या जोड्यांनी बाहेरची कड धरावी व सावकाश नाचणाऱ्यांनी आत राहावे, असा संकेत आहे.

स्पर्धांच्या प्रमाणित मोजणीमुळे दूरदूरच्या नर्तकांना एकत्र नाचणे सुलभ झाले. तथापि प्रमाणित रीत म्हणजेच मूळ रीत असे मानल्यास स्थानिक प्रकार चुकीचे ठरवून टाकले जाण्याचा धोका असतो. हे नृत्य मुळात संचलनगीत, फॉक्सट्रॉट व ग्रामीण वाद्यसंगीत यांच्या मिश्रणातून घडले असल्याने कालविभागणीतील विविधता ही त्याच्या इतिहासाचीच साक्ष होय.