कोयता रानातला आणि कोयता बाजारातला

राबासाठी टहाळ तोडायचे दिवस आले, की बदलापूर-अंबरनाथकडच्या गावांतला माणूस कमरेच्या आकडीला कोयता अडकवूनच घराबाहेर पडतो. तोच कोयता तसाच लावून उल्हासनगरच्या बाजारात गेलात तर पोलीस अडवतील का? अडवू शकतात. तेव्हा कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या.

पहिला कायदा १९५९ चा, शस्त्रांचा. त्याखालच्या २०१६ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे, तलवारी, खंजीर ही शस्त्रे धरली आहेत. मात्र घरकामासाठी आणि शेतीसाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणजे तुमचा कोयता, विळा, कुऱ्हाड घरात ठेवायला परवाना लागत नाही, मग पाते कितीही लांब असो. लोहाराकडून हौसेने तलवार घडवून घ्याल, तर मात्र ती शेतीची म्हणून खपणार नाही!

खरी गफलत होते ती दुसऱ्या कायद्यात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम ३७. शांतता राखण्यासाठी ठराविक दिवस मनाई हुकूम काढता येतो. शहरांत तो ठाण्याचे पोलीस आयुक्त काढतात, ग्रामीण हद्दीत जिल्हा दंडाधिकारी. सणासुदीला, निवडणुकीला असे हुकूम निघतात. त्यात चाकू, काठ्या आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगण्याला बंदी घालता येते. इथे पात्याची लांबी कोणी मोजत नाही. हुकूम मोडल्यास कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणून बाजाराला निघण्यापूर्वी पोलीस पाटलांना विचारा, "हुकूम चालू आहे का, आणि शेतीच्या अवजारांना त्यात सूट आहे का?"

हुकूम नसला तरी धार लावायला नेलेला कोयता गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून न्या. लोकलच्या गर्दीत उघडे पाते कोणाला लागेल, सांगता येत नाही. काम नसेल तर अवजार घरीच ठेवा.

आणि बांधाच्या भांडणात कोयता उगारू नका. उगारलेला कोयता शेतीचे अवजार राहत नाही. जिवे मारण्याची धमकी दिली, तर २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. वार करून जखम केली तर कलम ११८ आहेच. वीतभर बांधापायी कोर्टाच्या खेपा घालायच्या, हा कसला हिशेब?

पोलिसांनी अडवलेच तर हुज्जत घालू नका, पळू तर नकाच. कुठून आलात, कशाला चाललात ते सरळ सांगा. अवजार जप्त केले तर पंचनामा वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा करू नका. अटक झाली, तर तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. आदिवासी बांधवांना आणि महिलांना तर उत्पन्नाची अट नाही.