आठव्या वर्षी पाहिलेला सामना

पन्नाशी उलटलेल्या एखाद्या क्रिकेटवेड्या गृहस्थांना विचारून पाहावे, ‘२५ जून १९८३ च्या रात्री तुम्ही कुठे होता?’ उत्तर तयार असते. टीव्ही कोणाच्या घरी होता, गच्चीवर जाऊन अँटेना कोण फिरवत होते, मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्‌सने उंच मारलेला फटका कपिलदेवने मागे धावत जाऊन झेलला तेव्हा खोलीत कसा गलका झाला, हे सारे ते काल घडल्यासारखे सांगतात. त्याच गृहस्थांना त्या वर्षीच्या सहामाही परीक्षेतले गणिताचे गुण विचारावेत. ते डोके खाजवू लागतात. आपल्यासारख्या शिक्षकांना हे फारसे सुखावणारे नाही. पण असे का होते आणि अशा आठवणींतून माणूस खरोखरच घडतो का, हे पाहण्यासारखे आहे.

आठवण टिकण्याचे एक कारण शरीरात सापडते. आपण उत्तेजित झालो की अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही द्रव्ये स्रवतात. मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग त्यामुळे जागृत होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसमध्ये चाललेले स्मृती पक्की करण्याचे काम अधिक जोराने होते. १९९४ साली अमेरिकेत लॅरी काहिल, जेम्स मॅक्‌गॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक सुंदर प्रयोग केला. लोकांना चित्रांच्या मदतीने एक गोष्ट सांगितली. तिच्या मधल्या भागात एका मुलाला भीषण अपघात होतो. काही जणांना आधी प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिले होते. ते नॉरअॅड्रेनलिनचा परिणाम रोखते. आठवड्यानंतर विचारले तेव्हा औषध न घेतलेल्यांना अपघाताचा भाग इतर भागांपेक्षा ठळकपणे आठवत होता. औषध घेतलेल्यांच्या बाबतीत हा जादा ठळकपणा नाहीसा झाला होता. गोष्टीचा साधा भाग मात्र दोघांनाही सारखाच आठवला.

पण केवळ उत्तेजना पुरत नाही. सामन्याला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. तो एक गोष्टच असतो. दुसऱ्या दिवशी शाळेत, गल्लीत, पानाच्या दुकानासमोर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. प्रत्येक उजळणीबरोबर ती पक्की होते. शिवाय ती एकट्याची नसते. वडील, काका, शेजारचा दादा हे तिच्यातली पात्रे असतात. मोठी माणसे एरवी न दाखवणाऱ्या भावना मुलाला त्या दिवशी प्रथमच दिसतात, आणि आमच्या मते सामन्यापेक्षाही हेच अनेकदा मनावर अधिक ठसते.

वयाचाही प्रश्न आहे. प्रौढांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. मानसशास्त्रज्ञ याला ‘स्मरणांचा उंचवटा’ म्हणतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना सार्वकालिक श्रेष्ठ फुटबॉलपटू कोण असे विचारले होते. पेले, क्रायफ, मॅराडोना अशी नावे आली. सांगणारा सतरा वर्षांच्या आसपास असताना जो खेळाडू आपल्या कारकिर्दीच्या मध्यावर होता, त्याच्याकडे कल झुकलेला दिसला. ‘आमच्या वेळचा खेळ आता राहिला नाही’ या तक्रारीत खेळाचा दोष किती आणि उंचवट्याचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

एखाद्या संघावर जीव जडण्याचे वय मात्र याहून लहान असावे. २०१४ साली सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ यांनी फेसबुकवरील माहिती वापरून अमेरिकेतील बेसबॉलप्रेमींची जन्मवर्षे तपासली. न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने १९६९ आणि १९८६ मध्ये अजिंक्यपद मिळवले होते. या संघाचे चाहते १९६२ आणि १९७८ च्या आसपास जन्मलेल्या पुरुषांत विशेष आढळले. म्हणजे विजयाच्या वेळी ती मुले सात-आठ वर्षांची होती! स्त्रियांच्या बाबतीत चित्र इतके स्पष्ट नव्हते. अर्थात फेसबुकवर एका संघाला पसंती देणे म्हणजे व्यक्तिमत्त्व घडणे नव्हे. यातून निष्ठा कधी रुजते एवढेच कळते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. अल्रिक नाइसर हे स्मृतीचे मोठे अभ्यासक. त्यांचा जन्म १९२८ साली जर्मनीत झाला आणि लहानपणीच ते अमेरिकेत आले. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा तेरावा वाढदिवस एका दिवसावर आला होता. आपण दिवाणखान्यात रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, मध्येच हल्ल्याची बातमी आली आणि आपण आईला सांगायला वरच्या मजल्यावर धावलो, अशी त्यांची स्वच्छ आठवण होती. कित्येक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, की डिसेंबरात बेसबॉलचे सामने होतच नाहीत! तो हंगाम शरद ऋतूतच संपतो. १९८२ साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले. चार वर्षांनी दोन संशोधकांनी खुलासा सुचवला. त्या दिवशी रेडिओवर अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. त्यातील संघांची नावे होती जायंट्स आणि डॉजर्स. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध बेसबॉल संघांचीही हीच नावे होती, आणि मैदानही बेसबॉलच्या जायंट्सचेच होते.

नावांच्या सारखेपणामुळे घोटाळा झाला हे पटते. पण घोटाळा नेमका बेसबॉलच्याच बाजूने का झाला? परदेशातून आलेल्या त्या मुलाला बेसबॉलचे वेड होते, आणि बेसबॉल हा अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ मानला जाई. पुढे जो माणूस घडला त्याला शोभेल अशी दुरुस्ती स्मृतीने गुपचूप करून टाकली, असा अर्थ लावण्यास वाव आहे. म्हणजे आठवण माणसाला घडवते तसा माणूसही आठवणीला घडवतो.

आपल्याकडे पाहायचे तर १८ जून १९८३ चा टनब्रिज वेल्सचा सामना घ्या. झिंबाब्वेविरुद्ध ४ बाद ९ अशी अवस्था असताना आलेल्या कपिलदेवने नाबाद १७५ धावा केल्या. त्या सामन्याचे दूरचित्रण झालेच नाही. तरीही ती खेळी टीव्हीवर पाहिल्याचे मनापासून सांगणारे लोक भेटतात. ते खोटे बोलत नसतात. वर्तमानपत्रातली वर्णने, छायाचित्रे आणि आठवड्यानंतरचा अंतिम सामना यांचे मिश्रण त्यांच्या मनात एकजीव झालेले असते.

यामुळेच थोर खेळाडूंच्या आठवणी जपून वाचाव्या लागतात. सचिन तेंडुलकर १९८३ मध्ये दहा वर्षांचा होता आणि त्या विजयाने आपल्याला स्वप्न दिले असे त्याने अनेकदा सांगितले आहे. त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. परंतु त्या रात्री लक्षावधी दहा वर्षांची मुले जागी होती. त्यांतली बहुतेक पुढे कारकून, शेतकरी, डॉक्टर झाली. त्यांना कोणी मुलाखतीत विचारत नाही. एक सामना खेळाडू निर्माण करतो असे म्हणणे म्हणजे फक्त उगवलेली रोपे मोजून बियाण्याची ताकद ठरवण्यासारखे आहे. मैदान, बॅट, रमाकांत आचरेकरांसारखे गुरू आणि पाठीशी उभे राहणारे घर नसते तर ती आठवण सुखाची एक आठवण होऊन राहिली असती.

मात्र बियाणेच पडले नाही तर रोप उगवणार नाही, हेही तितकेच खरे. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना मोठ्या भावाला खेळताना पाहून क्रिकेटकडे वळली. त्या काळी मुलींनी खेळलेले सामने टीव्हीवर क्वचितच दिसत. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री जागलेल्या सात-आठ वर्षांच्या मुली आज आपल्या वर्गांत बसल्या आहेत. त्यांच्या शाळेच्या मैदानावर खेळाच्या तासाला चेंडू कोणाच्या हातात असतो, हे पाहणे आपल्याच हाती आहे.

स्मृतीचा प्रयोग वर्गातही करता येतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी सकाळी नाइसर यांनी एमरी विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठे, कशी, कोणाकडून कळली’ हे लिहून घेतले होते. अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना पुन्हा विचारले, तेव्हा सुमारे पाव विद्यार्थ्यांचे एकही उत्तर जुळले नाही. स्वतःचे हस्ताक्षर पाहूनही त्यांची मूळ आठवण परत आली नाही. आपण पाचवीच्या वर्गाकडून एखाद्या मोठ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी असेच लिहून घ्यावे. कुठे पाहिला, शेजारी कोण होते, काय खाल्ले, शेवटचा क्षण कसा होता, घरातले कोण काय म्हणाले. कागद पाकिटात बंद करून कपाटात ठेवावेत आणि मुले आठवीत गेल्यावर, पाकिटे उघडण्यापूर्वी, तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. दोन्ही कागद शेजारी ठेवले की तपशील किती बदलला हे दिसेलच. तो कोणत्या दिशेने बदलला, हे मुलांकडूनच शोधून घ्यावे.