चेंडू चांगला की लेन?

क्रिकेटचा सामना सुरू होण्यापूर्वी खेळपट्टीची पाहणी होते. तिच्यावरचे गवत, ओलावा, भेगा डोळ्यांना दिसतात आणि चेंडू कसा वागेल याचा अंदाज बांधता येतो. टेनपिन बोलिंग या खेळातील खेळपट्टीला लेन म्हणतात. लाकडाची किंवा कृत्रिम पदार्थाची ही गुळगुळीत पट्टी सगळीकडे सारखीच चमकताना दिसते. खेळाडू एका टोकाकडून जड चेंडू सोडतो आणि १८.३ मीटर (६० फूट) अंतरावर त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना पाडण्याचा प्रयत्न करतो. खेळ इतका सरळ असूनही एका लेनवर उत्तम ठरलेला चेंडू दुसऱ्या लेनवर अगदी निरुपयोगी ठरू शकतो. अशा वेळी भरपूर पैसे मोजून चेंडू घेतलेल्या खेळाडूला वाटते, आपण फसलो. खरोखर तसे असते का?

न दिसणारे तेल

लेनचा पृष्ठभाग झिजू नये म्हणून तिच्यावर खनिज तेलाचा पातळ थर देतात. हे तेल बहुधा पहिल्या ४० फुटांपर्यंतच असते. पुढचे २० फूट कोरडे ठेवतात. एका लेनसाठी साधारणपणे २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चार ते सहा चमचे तेल पुरते. लेनची रुंदी सुमारे १.०५ मीटर आहे. यावरून थराची सरासरी जाडी काढली, तर ती सुमारे २ मायक्रोमीटर येते. माणसाचा केस याच्या तीसपट तरी जाड असतो! पण एवढ्याशा थराने घर्षणांक कितीतरी बदलतो. तेलावर तो सुमारे ०.०४ असतो, तर कोरड्या भागावर सुमारे ०.२, म्हणजे पाचपट.

घसरणे, वळणे, घरंगळणे

हातातून सुटलेला चेंडू प्रथम घसरतो. घर्षणामुळे त्याचा वेग कमी होत जातो आणि त्याच घर्षणामुळे तो स्वतःभोवती फिरू लागतो. या दोन गतींचा मेळ बसला की घसरणे संपते आणि चेंडू घरंगळू लागतो. भरीव, एकसारखा गोल फिरकी न देता सोडला आहे असे मानले, तर अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना पुढील सूत्र सहज काढता येईल:

घसरण्याचे अंतर = १२ × (वेग)² ÷ (४९ × घर्षणांक × गुरुत्वत्वरण)

चेंडूचा वेग सेकंदाला ८ मीटर धरू. सगळी लेन कोरडी असेल, तर घसरणे ८ मीटरवरच संपेल. सगळ्या लेनवर तेल असेल, तर त्यासाठी ४० मीटर लागतील, म्हणजे लेनच्या लांबीच्या दुपटीहून अधिक. आता १२.२ मीटर तेल आणि पुढे कोरडा भाग घेऊन टप्प्याटप्प्याने गणित केले, तर चेंडू सुमारे १७.८ मीटरवर घरंगळू लागतो. पिना तेथून जेमतेम अर्धा मीटर दूर असतात. सूत्रात चेंडूचे वजन कोठेही आलेले नाही, हेही विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

प्रत्यक्षात खेळाडू बोटांनी चेंडूला बाजूची फिरकी देतो. त्यामुळे घर्षण चेंडूला बाजूलाही ढकलते. तेलावर हा धक्का क्षीण असतो, कोरड्या भागात तो वाढतो आणि चेंडू एकदम वळतो. घरंगळणे सुरू झाले की वळणे थांबते आणि चेंडू सरळ जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या फटीत सुमारे ६ अंशांच्या कोनातून शिरला, तर दहाही पिना पडण्याची शक्यता बरीच वाढते. हे वळण योग्य जागी यावे, यासाठी सारी खटपट असते.

चेंडूचे कातडे

वळण वाढवण्यासाठी चेंडूचा पृष्ठभाग बदलता येतो. १९७३ साली डॉन मॅक्यून या अमेरिकी व्यावसायिक खेळाडूने आपले पॉलिएस्टरचे चेंडू रासायनिक द्रावकात भिजवून मऊ केले. मऊ पृष्ठभाग लेनला अधिक धरू लागला, चेंडू अधिक वळू लागला आणि त्या वर्षी त्याने सहा स्पर्धा जिंकल्या. त्यानंतर चेंडूच्या किमान कठीणपणाचे नियम आले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस आलेल्या रिॲक्टिव्ह रेझिनच्या चेंडूंना सूक्ष्म छिद्रे असतात आणि ती लेनवरचे तेल शोषून घेतात.

मग असाच चेंडू सर्वांत चांगला म्हणावा का? भरपूर तेलाच्या लेनवर खरखरीत रेझिनचा चेंडू उपयोगी पडतो. कमी तेलाच्या लेनवर मात्र तोच फार लवकर वळतो आणि लवकर घरंगळू लागतो. पिनांपाशी त्याचा कोन बिघडतो. तेथे गुळगुळीत पॉलिएस्टरचा जुना चेंडू सरस ठरू शकतो. घर्षणांक हा एकट्या चेंडूचा किंवा एकट्या लेनचा गुणधर्म नसतो. तो एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांच्या जोडीचा असतो.

मोजता मोजता बदलणारी लेन

अडचण एवढ्यावर संपत नाही. प्रत्येक चेंडू थोडे तेल उचलतो, थोडे पुढे नेतो. बऱ्याच फेकींनंतर तेल ४०ऐवजी ३० फुटांवरच संपू लागले असे समजा. वरचेच गणित पुन्हा केले, तर चेंडू १५.३ मीटरवरच घरंगळू लागतो, म्हणजे अडीच मीटर आधी. सकाळी एक चेंडू आणि दुपारी दुसरा चेंडू तपासला, तर दिसणारा फरक चेंडूंचा की तेलाचा, हे सांगता येणार नाही.

म्हणून चाचणी घेताना लेनवर नव्याने तेल द्यावे लागते, वेग, फिरकी आणि सोडण्याची जागा तीच ठेवावी लागते आणि प्रत्येक फेकीनंतर चेंडू पुसावा लागतो. अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या संस्थेने तर न थकता सारखीच फेक करणारा ‘अर्ल’ नावाचा यंत्रमानव यासाठी वापरला. दोन चेंडूंची तुलना करताना ‘अ, ब, ब, अ’ असा क्रम ठेवला, तर तेल हळूहळू कमी होण्याचा परिणाम दोघांवर जवळजवळ सारखा वाटला जातो.

वर्गात करून पाहा

टेबल टेनिसचा चेंडू गुळगुळीत टेबलावर ठेवा. त्याच्या आपल्याकडील कडेवर बोटाने दाबून तो निसटू द्या. चेंडू पुढे घसरत जातो, पण उलट्या फिरकीमुळे थांबून परत येतो. तो कोठून परत फिरला, तेथे खूण करा. आता वाटेत कॅरमची पावडर पसरा आणि चेंडू त्याच जागेवरून पुन्हा सोडा. दर खेपेस चेंडू पुसून दहा-दहा वेळा अंतर मोजा. नंतर चेंडू न पुसता दहा वेळा मोजा. चेंडूला पावडर लागते, टेबलावरची पावडर विस्कटते आणि आकडे सरकू लागतात. बोटाचा दाब दर वेळी सारखा राहत नाही, ही अडचण मुलांच्याच लक्षात येईल. तिच्यावर उपाय त्यांनाच सुचवू द्यावा.

चेंडू विकत घेणारा खेळाडू विचारतो, ‘हा चांगला आहे का?’ त्याने विचारायला हवे, ‘कोणत्या लेनवर, किती तेलावर आणि कितव्या फेकीला?’ बियाणे असो, खत असो की औषध, ते चांगले असल्याचा दावा ऐकल्यावर अशी परिस्थिती विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर या प्रयोगाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.