मंत्रचळ : औषध, आणि दहा जणांची सोबत



बेणेप्रक्रिया झाल्यावर हात साबणाने धुवा, असे आम्हीच गावोगाव सांगत फिरतो. पण लागणीच्या वेळी एका सभासदाच्या घरी निराळेच पाहिले. त्यांची मंडळी त्या दिवशी औषधाला शिवलीही नव्हती, तरी दुपारपर्यंत हात धूतच होती. कातडी पार सोलवटलेली. घरचे म्हणाले, "सोवळं फार आहे हो तिचं." दुसरे एक सभासद मोटार बंद केली की नाही, या शंकेने रात्रीतून चार-चार वेळा विहिरीवर जातात.

हे सोवळे नव्हे. हा मंत्रचळ, डॉक्टर याला ओसीडी म्हणतात. शंभरात एक ते तीन माणसांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो. नको तो विचार येतो, जीव घाबरा होतो, तीच कृती पुन्हा केली की घटकाभर बरे वाटते. त्या घटकाभरावरच आजार पोसतो.

१९६६ साली लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी उलटा मार्ग दाखवला. भीतीला सामोरे जायचे, पण कृती करायची नाही. भीती हळूहळू आपोआप ओसरते. हेच गटातही करतात. आठ-दहा रुग्ण, एक-दोन तज्ज्ञ, आठवड्यातून एकदा दीड-दोन तास, असे दोन-तीन महिने. सोप्या भीतीपासून सुरुवात. एकजण दाराची कडी धरतो आणि हात न धुता बसतो. मग दुसरा धरतो. आम्ही शंभरदा सांगून पटत नाही ते शेजारच्या प्लॉटवर बघितले की पटते, तसेच हे. वर्षानुवर्षे बायकोपासूनही लपवलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की निम्मी लाज तिथेच जाते.

गटात दिलासा मात्र मिळत नाही. "मोटार बंद आहे, झोपा," असे घरच्यांनी दहादा सांगणे म्हणजे तणाला पाणी देणे. हे सांगणे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचे. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. मध्येच सोडू नयेत.

पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. चाकणला पाळीवर जाणाऱ्या मुलांनी येता-जाता तेथील मानसोपचार विभागात गटाची चौकशी करावी. २०२२ पासून १४४१६ या टेलिमानसच्या फोनवर मराठीतून, फुकट, रात्रीही बोलता येते.

विहिरीवर जाणाऱ्या सभासदांना आम्ही हा नंबर लिहून दिला आहे. अजून त्यांनी फोन केलेला नाही. पुढच्या पाहणीला जाऊ तेव्हा पुन्हा विचारू.

— ऊस विकास अधिकारी