वाघिणीच्या मागावरचा रिसीव्हर

२०१७च्या पावसाळ्यात वर्धा जिल्ह्यातले वनकर्मचारी एका वाघिणीची फ्रिक्वेन्सी घेऊन रानोमाळ फिरत होते. सरकारी कागदांवर तिचे नाव टी-२७ सी-१. ब्रह्मपुरीच्या जंगलातली ही तरुण वाघीण माणसांवर हल्ले करते म्हणून १० जुलैला पकडली गेली आणि गळ्यात रेडिओ कॉलर बांधून २९ जुलैला बोर व्याघ्र प्रकल्पात सोडली गेली. बोरमध्ये ती रमली नाही. पुढच्या ७६ दिवसांत वर्धा, नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांतल्या शेतांतून, नाल्यांतून, संत्र्यांच्या बागांमधून तिने पाचशे किलोमीटरहून जास्त वाट तुडवली. सोडल्यानंतरही माणसांचे जीव गेले. तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, प्रकरण नागपूर खंडपीठात गेले, न्यायालयाने आदेश कायम ठेवला.

या साऱ्या काळात ती कुठे आहे याची खबर तिच्या गळ्यातून येत होती. त्या खबरेमागच्या यंत्राविषयी आणि ते यंत्र हाताळणाऱ्यांविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

बोरचा अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपतो. सेलू तालुक्यातल्या बोर धरणाच्या काठचे हे जंगल १९७०मध्ये अभयारण्य झाले आणि २०१४मध्ये व्याघ्र प्रकल्प. क्षेत्र १३८ चौरस किलोमीटर. ताडोबाच्या मानाने हे अगदीच लहान. एवढ्या जागेत फार वाघ मावत नाहीत. म्हणून बोरमधला वाघ बाहेर पडतोच, आणि बाहेर पडला की पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि रस्ते. डिसेंबर २०१७मध्ये बोरचा प्रसिद्ध नर ‘बाजीराव’ नागपूर–अमरावती महामार्गावर वाहनाखाली मेला, तोही असाच बाहेर पडलेला.

कॉलरमध्ये सहसा दोन यंत्रणा असतात. पहिली जीपीएसची: ठरावीक तासांनी जागा नोंदवायची आणि त्या नोंदी उपग्रहामार्फत संगणकावर पाठवायच्या. दुसरी व्हीएचएफची, जुनी आणि साधी: दर सेकंदाला साधारण एक ठोका हवेत सोडायचा, बस. नकाशावरचे ठिपके दाखवायला पहिली यंत्रणा छान. पण अंधारात, शेताच्या धुऱ्यावर, वाघीण समोरच्या तुरीत आहे की पलीकडच्या नाल्यात, हे सांगते ती दुसरीच. जीपीएसचा ठिपका हाती येईपर्यंत काही तास शिळा झालेला असतो. वाघ एका रात्रीत पंधरा-वीस किलोमीटर सहज चालतो.

या ठोक्यासाठी जो रिसीव्हर लागतो तो जातकुळीने स्कॅनरच, म्हणजे भरलेल्या फ्रिक्वेन्सी एकामागून एक ऐकणारे यंत्र. त्यात फ्रिक्वेन्सी भरावी लागते, आणि ते काम वाटते तितके सरळ नाही. समजा कॉलरवर छापली आहे १५०.४३२ मेगाहर्ट्झ. थंडीतल्या पहाटे आणि मे महिन्याच्या दुपारी त्याच कॉलरचा आवाज एखाद-दोन किलोहर्ट्झ इकडेतिकडे सरकलेला सापडतो. म्हणून छापील आकडा भरून भागत नाही. प्राण्याच्या गळ्यात कॉलर बांधण्याआधी ती हाताशी ठेवून, रिसीव्हरचा आकडा वरखाली करत, ठोका सर्वांत स्वच्छ कुठे वाजतो ते पाहायचे आणि तो आकडा वहीत लिहून ठेवायचा. जंगलात गेल्यावर हीच वही उपयोगी पडते.

मग स्कॅन. एकाच रिसीव्हरवर दहा प्राण्यांच्या फ्रिक्वेन्सी भरल्या असतील तर यंत्र एकेकीवर थांबत पुढे जाते. किती थांबायचे हे माणूस ठरवतो. ठोका सेकंदाला एक, तेव्हा एक सेकंद थांबलेले यंत्र तो चुकवू शकते. दोन ठोके कानावर पडले तरच खात्री, म्हणजे निदान तीन-चार सेकंद हवेत. दहा फ्रिक्वेन्सींना चार-चार सेकंद दिले तर एक फेरी चाळीस सेकंदांची, आणि तेवढ्या वेळात जीप चालू असेल तर सिग्नल डोंगराआड गेलेला असतो. त्यामुळे अनुभवी माणूस आधी उंचवटा गाठतो, इंजिन बंद करतो, मगच स्कॅन सुरू करतो.

ठोका सापडला की हातातला यागी अँटेना कामाला येतो. दीडशे मेगाहर्ट्झला लहरीची लांबी दोन मीटर, म्हणून अँटेनाच्या दांड्या साधारण मीटरभराच्या. तो घेऊन सावकाश गिरकी घ्यायची. आवाज सर्वांत मोठा होतो त्या दिशेला वाघ. पण जवळ गेल्यावर आवाज सगळीकडूनच मोठा येतो. तेव्हा रिसीव्हरचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याची क्षमता, कमी करत जायचे, इतका की ठोका जेमतेम ऐकू यावा, आणि पुन्हा गिरकी घ्यायची. कंपासवर दिशा वाचायची, नकाशावर रेघ ओढायची, दुसऱ्या ठिकाणी जाऊन पुन्हा तेच करायचे. दोन-तीन रेघा जिथे छेदतात तिथे वाघ. खोऱ्यात सिग्नल टेकडीवर आपटून परत येतो आणि उलटीच दिशा दाखवतो. ओल्या पानोळ्यात तो मंदावतो. ठोक्यांचा वेग अचानक बदलला तर छातीत धस्स होते: कॉलर काही तास अजिबात हललेली नाही, अशी ती खूण. अशा वेळी झुडपात जायला निघणारा वनरक्षक किंवा वनमजूर हाती काठी घेऊन निघतो. त्याच्या या धैर्याची नोंद कुठल्या अहवालात होत असेल असे वाटत नाही.

याच जातकुळीचा, पण शहरात माणसांचे बोलणे ऐकणारा स्कॅनर याहून अवघड कोडे सोडवतो. अमेरिकेत पोलीस आणि अग्निशमन दलाचे बोलणे अनेक ठिकाणी ट्रंकिंग पद्धतीवर चालते. तिथे एका गटाला एक चॅनल कायमचे दिलेले नसते. मोजक्या चॅनलांचा साठा सर्वांचा असतो आणि कोणी बटण दाबले की संगणक त्या क्षणी मोकळे असलेले चॅनल त्या गटाला देतो. हे वाटप सांगणारा एक कंट्रोल चॅनल सतत चालू असतो. पी-२५ या डिजिटल पद्धतीत त्यावरून सेकंदाला ९६०० बिट वाहतात. स्कॅनरमध्ये म्हणून नुसत्या फ्रिक्वेन्सी भरून उपयोग नाही, कंट्रोल चॅनल आणि गटांचे क्रमांकही भरावे लागतात. यंत्र कंट्रोल चॅनलवर कान लावून बसते आणि हवा तो गट जिथे जाईल तिथे उडी मारते. १९९७च्या सुमारास असे स्कॅनर दुकानांत आले आणि तिकडे तो हजारो लोकांचा छंद झाला.

आपल्याकडे हा छंद कायद्यात बसत नाही. १९३३च्या भारतीय कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसते जवळ बाळगायलाही मनाई केली, आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला अधिकृत परवानगी लागतेच. वाघाच्या बाबतीत ही मनाई योग्यच म्हणावी लागेल. व्हीएचएफचा ठोका उघडा असतो, त्याला कुलूप नाही. ज्याच्याकडे रिसीव्हर आणि आकडा, त्याला वाघ सापडतो. कॅनडातल्या बान्फ राष्ट्रीय उद्यानात छायाचित्रकार कॉलरचे सिग्नल पकडून प्राण्यांमागे जातात अशी भीती निर्माण झाल्यावर तिथे असे रिसीव्हर आणायलाच बंदी घातली गेली. २०१३मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या ‘पन्ना-२११’ या वाघाच्या जीपीएस नोंदी ज्या ईमेलवर येत, ते खाते पुण्याहून उघडण्याचा प्रयत्न झाला होता. तो फसला. तेव्हापासून फ्रिक्वेन्सीचा आकडा कोणाकोणाला माहीत असावा, हा प्रश्न वनखात्यात गंभीरपणे घेतला जातो, आणि घेतला जायलाच हवा.

खरी अडचण मात्र याच्या नेमकी उलट आहे. आकडा लपवायचा, पण खबर पोहोचवायची. उपग्रहाकडून संगणकावर, संगणकावरून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या फोनवर, तिथून वनपालाकडे, वनरक्षकाकडे, मग पोलीस पाटलाकडे, आणि मग रात्री पंपाला वीज मिळते म्हणून ओलित करायला निघालेल्या शेतकऱ्याकडे. या साखळीत प्रत्येक कडीला वेळ लागतो. वाघीण तोवर दोन शिवारे पुढे गेलेली असते. दवंडी मागे राहते, किंवा अशा गावात दिली जाते जिथून ती कालच निघून गेली. चार वेळा खोटी ठरलेली सूचना पाचव्या वेळी कोण मनावर घेईल?

दुसरी अडचण तारेची. रोही (नीलगाय) आणि रानडुकरे एका रात्रीत उभे पीक झोपवतात. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा आणि कागदपत्रे यांत हंगाम सरतो. मग काही जण धुऱ्याभोवती उघडी तार ओढतात आणि खांबावर आकडा टाकून तिच्यात करंट सोडतात. हा गुन्हा आहे हे त्यांना माहीत असते. जागल करून थकलेल्या माणसाची हतबलता समजते, तरी ती तार रोही, वाघ आणि पहाटे त्याच धुऱ्यावरून जाणारा शेजारी यांत फरक करत नाही.

१४ ऑक्टोबर २०१७ रोजी कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरीच्या शिवारात टी-२७ सी-१ मृतावस्थेत सापडली. शेताच्या कुंपणातल्या विजेने तिचा जीव घेतला होता. गोळीचा आदेश न्यायालयाने कायम ठेवल्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. कॉलर गळ्यातच होती.

कॉलर निरुपयोगी ठरली असा निष्कर्ष यातून काढणे चूक होईल. दोनच वर्षांनी टिपेश्वर अभयारण्याचा सी-१ हा दुसरा कॉलरवाला वाघ यवतमाळहून निघून तेलंगणातून, मराठवाड्यातून, अकोल्यावरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे ३,००० किलोमीटर चालला, आणि माणसाशी त्याचा मोठा संघर्ष झाला नाही. वाघ शेतांतून, नाल्यांच्या काठाने, दिवसा लपत आणि रात्री चालत कसा पुढे सरकतो हे इतक्या बारकाईने त्या कॉलरमुळेच कळले. विदर्भातले रस्ते आणि कालवे आखताना या नकाशांवर नजर टाकली गेली पाहिजे.

करंटच्या तारेला पर्यायही आहे. सौर कुंपण क्षणभराचा झटका देते, जनावर मागे फिरते, मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळते. आष्टी, कारंजा, सेलू या तालुक्यांत वाघ ज्या गावांवरून गेल्याचे कॉलरच्या नोंदी सांगतात, त्या गावांना हे अनुदान आधी मिळायला हवे; यादी करायला लागणारी माहिती खात्याकडे आहेच. आणि ज्यांच्या शिवारात खांबावरून उघड्या तारेत वीज सोडलेली दिसेल, त्यांनी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे.